रूट कॅनॉलमध्ये लेझर, अल्ट्रासोनिक की साधी सिरिंज? बॅक्टेरिया नक्की कशाने कमी होतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की खालच्या दाढेचं रूट कॅनॉल करायचंय, एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसतोय, एका डॉक्टरांनी सांगितलं की लेझरने साफ केलं तर ९९.९ टक्के बॅक्टेरिया मरतात, दुसरे म्हणाले लेझरची काही गरज नाही, औषधाने धुऊन अल्ट्रासोनिक फिरवलं की झालं. आता दोघांपैकी कोणाचं ऐकायचं? शिवाय एका सिटिंगमध्ये करावं की दोन, आणि आधीच अँटिबायोटिकचा कोर्स घेतला तर काम सोपं होईल का, हेही तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं फक्त रूट कॅनॉलचंच काम करते, त्यामुळे जरा लांबण लागेल पण नीट सांगते.

आधी हे स्पष्ट करते की तुमची दाढ मी पाहिलेली नाही, आणि यातल्या बऱ्याच गोष्टी दाढ बघितल्याशिवाय ठरत नाहीत. पहिल्यांदाच रूट कॅनॉल होतंय की जुनं बिघडलंय म्हणून परत करायचंय, मुळं किती वाकडी आहेत, दाढेला चीर आहे का, वरचा भाग किती शिल्लक आहे, पू येतोय का, या सगळ्याने उत्तर बदलतं. आत्ता तुम्ही दिलेल्या माहितीवरून मी एवढंच धरून चालते की नस मेलेली आहे आणि आत इन्फेक्शन आहे, कारण टोकाशी काळा डाग बहुतेक वेळा त्यामुळेच येतो. नस जिवंत असताना जे रूट कॅनॉल होतं त्यात आत बॅक्टेरिया जवळजवळ नसतातच, तिथे आपलं काम फक्त बाहेरचे आत जाऊ न देणं. तुमच्या केसमध्ये ते आत ठाण मांडून बसलेत, म्हणून तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे.

पण माझ्या मते खरा प्रश्न "कुठलं मशीन" हा नाहीच. बॅक्टेरिया बसलेत कुठे आणि मारणारं औषध तिथपर्यंत पोचतंय का, हा आहे.

१९६५ साली उंदरांवर एक प्रयोग झाला होता, आमच्या क्षेत्रात तो प्रत्येकाला शिकवतात. काही उंदीर पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवलेले आणि काही नेहमीचे, दोन्हींच्या दातांची नस उघडी पाडली. नेहमीच्या उंदरांची नस सडली, टोकाशी गळू झालं. जंतू नसलेल्यांच्या नसेवर मात्र नवीन कठीण थर तयार झाला, ती जगली. म्हणजे आजार होतो तो बॅक्टेरियामुळे, नुसती नस उघडी पडल्यामुळे नाही. तिथून पुढे सगळी धडपड एकाच दिशेने चालू आहे, आतले बॅक्टेरिया इतके कमी करा की शरीर उरलेलं काम स्वतः करेल.

आता दाढेच्या आतली रचना. एक्स-रेमध्ये मुळात एक सरळ रेघ दिसते आणि पेशंटला वाटतं आत एक छान गोल नळी आहे. खालच्या दाढेच्या पुढच्या मुळात साधारणपणे दोन कॅनॉल, म्हणजे नस जाते त्या नळ्या, असतात आणि त्या दोघांना जोडणारी एक अरुंद फट असते, तिला आम्ही इस्थमस म्हणतो. शिवाय बाजूला फुटलेल्या बारीक फांद्या, टोकाशी त्रिभुज प्रदेशासारखं जाळं, आणि भिंतीत असंख्य सूक्ष्म नलिका, त्यात बॅक्टेरिया काही अंशी घुसतात. २००१ मध्ये मायक्रो-सीटी, म्हणजे अतिसूक्ष्म सीटी स्कॅन, वापरून दाढांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की कुठल्याही प्रकारच्या फाइल, म्हणजे कॅनॉल आतून घासायच्या बारीक सुया, वापरल्या तरी कॅनॉलच्या आतल्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग फाइलने शिवलेलाच नव्हता. आणि २००५ मध्ये खालच्या दाढांच्या पुढच्या मुळांचा अभ्यास आला, नीट साफ करून, हायपोक्लोराइट आणि ईडीटीए या धुण्याच्या औषधांनी धुऊन, त्याच सिटिंगमध्ये भरलेल्या १६ मुळांची टोकं लगेच कापून मायक्रोस्कोपखाली बघितली, तर १६ पैकी १४ मध्ये कुठे ना कुठे बॅक्टेरिया उरलेले होते, बहुतेक करून अशाच फटींमध्ये आणि फांद्यांमध्ये. काम वाईट केलं होतं असं नाही, आतली जागाच तशी आहे.

आणि हे बॅक्टेरिया सुटे सुटे तरंगत नसतात. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला कसा बुळबुळीत थर धरतो, वरून पाणी ओतलं तर जात नाही, घासावं लागतं, तसा त्यांचा थर असतो, त्याला बायोफिल्म म्हणतात. त्या थराच्या आतले बॅक्टेरिया औषधाला सुट्या बॅक्टेरियापेक्षा कितीतरी कमी दाद देतात. म्हणून प्रयोगशाळेत नळीतल्या सुट्या बॅक्टेरियावर एखादं औषध काही सेकंदांत काम करतं म्हणून दाढेतही करेल असं धरता येत नाही.

आता एकेक पद्धत बघू.

फक्त फाइल आणि साधं सलाइन वापरलं तर काय होतं, हे १९८१ मध्ये स्वीडनमध्ये तपासलं गेलं. बॅक्टेरिया शंभर ते हजार पटीने कमी झाले, म्हणजे नुसत्या यांत्रिक साफसफाईचंही काम मोठं आहे, पण काही दातांत परत परत सिटिंग करूनही ते संपले नाहीत. मग त्याच लोकांनी सलाइनऐवजी ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट वापरून पाहिलं आणि निकाल स्पष्ट सुधारला. आज कुठलीही पद्धत घ्या, लेझर असो की आणखी काही, मुळात काम करतं ते हायपोक्लोराइटच. कारण ते दोन कामं एकदम करतं, बॅक्टेरिया मारतं आणि मेलेली नस, बायोफिल्मचा थर विरघळवतं. हे दुसरं काम आपल्याकडच्या बाकीच्या कुठल्याही धुण्याच्या औषधाला असं जमत नाही.

हायपोक्लोराइट किती टक्के असावं यावर डॉक्टर लोक वाद घालतात, ०.५ पासून ५.२५ पर्यंत सगळं वापरलं जातं. स्ट्राँग असेल तर नस लवकर विरघळते हे खरं. पण पेशंटमध्ये दात बरा होण्याच्या बाबतीत फरक कमी दिसतो. २०१९ मध्ये खालच्या दाढांवरच १ टक्का विरुद्ध ५ टक्के अशी चाचणी झाली, वर्षभरानंतर बरं होण्यात लक्षणीय फरक आला नाही. मी स्वतः ३ टक्क्यांच्या आसपासचं वापरते आणि टक्केवारीपेक्षा ते किती वेळा बदललं जातंय इकडे जास्त लक्ष देते. कारण हायपोक्लोराइटमधला क्लोरीन आतल्या घाणीशी रिॲक्शन करून संपून जातो, मग आत जे उरतं ते जवळजवळ खारं पाणी. म्हणजे एकदा भरून दहा मिनिटं तसंच ठेवलं तर त्याचा फार उपयोग नाही, ताजं ताजं आत जात राहिलं पाहिजे, प्रत्येक फाइलनंतर, आणि शेवटी आकार देऊन झाल्यावर परत भरपूर.

आता सुईची गोष्ट, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि हिच्याबद्दल पेशंटला कोणीच सांगत नाही. सिरिंजने सोडलेलं औषध सुईच्या टोकापुढे एखाद-दोन मिलिमीटरच जातं. त्यापुढे हवेचा बुडबुडा अडकलेला असतो, औषध तिथे पोचतच नाही. सुईची जाडी गेजमध्ये सांगतात, आकडा मोठा तितकी सुई बारीक; ३० गेजची सुई बाहेरून साधारण ०.३१ मिलिमीटर जाड असते. समजा कॅनॉल टोकाशी २५ नंबरच्या फाइलने, ६ टक्के टेपरने (वर दर मिमीला ०.०६ मिमी रुंद होत जाणारा) तयार केला. म्हणजे टोकाशी रुंदी ०.२५ मिमी, तिथून २ मिमी वर ०.३७ मिमी. तिथे ३० गेजची सुई सैल बसते आणि औषधाला बाजूने परत वर यायला वाट राहते. त्याच कॅनॉलमध्ये २७ गेजची सुई घातली, जी ०.४ मिमीच्या थोडी वर असते, तर ती टोकापासून तीन मिमीच्या आसपासच अडकते, आणि अडकलेल्या सुईतून दाब देऊन चालतच नाही, म्हणून अजून वर घ्यावी लागते. म्हणजे शेवटचे तीन-चार मिमी, जिथे सगळा आजार आहे, ते कोरडेच. लाखाचं मशीन नसलं तरी चालेल पण ही बारीक, बाजूला भोक असलेली सुई आणि ती कुठपर्यंत न्यायची याचं मोजमाप हवंच. सुई अडकवून जोरात दाबली तर हायपोक्लोराइट मुळाच्या बाहेर हाडात जाऊ शकतं, भूल असूनही प्रचंड दुखतं, गाल सुजतो, काळानिळा पडतो, म्हणून आम्ही सुई सैल ठेवून, सतत वरखाली हलवत, बोटाच्या हलक्या दाबाने धुतो.

ईडीटीएचं काम वेगळं आहे. फाइल फिरली की भिंतीवर दाताच्या भुश्याचा एक लेप बसतो, स्मिअर लेयर, आणि तोच भुसा त्या फटींमध्येही कोंबला जातो. हायपोक्लोराइटने त्यातला खनिज भाग जात नाही, १७ टक्के ईडीटीए मिनिटभर ठेवलं की जातो, मग परत हायपोक्लोराइट सोडलं की ते आत पोचतं. १९८५ मध्ये स्वीडनच्याच अभ्यासात हायपोक्लोराइटच्या जोडीला ईडीटीए दिल्यावर बॅक्टेरिया आणखी कमी झाले होते. फक्त दोन्ही एकत्र मिसळायचे नाहीत, ईडीटीए क्लोरीनची ताकद संपवून टाकतं. जास्त वेळ ठेवलं तर भिंत झिजते, म्हणून मिनिटभर म्हणजे मिनिटभरच.

क्लोरहेक्सिडीन हे आणखी एक धुण्याचं औषध. ते बॅक्टेरिया मारतं, भिंतीला चिकटून काही काळ काम करत राहतं, पण विरघळवत काहीच नाही. म्हणजे मेलेला थर आहे तिथेच राहतो. आणि हायपोक्लोराइटला लागलं की तपकिरी साका तयार होतो जो नलिका बुजवतो. मी ते रोज वापरत नाही.

इथपर्यंतचं सगळं साध्या सिरिंजचं झालं. म्हणजे फाइलने जागा करायची, बारीक सुईने ताजं हायपोक्लोराइट टोकाजवळ न्यायचं, ईडीटीएने भुसा काढायचा, परत हायपोक्लोराइट. बाकी जी मशीन्स आहेत ती याच औषधांना आत हलवण्यासाठी आहेत, यांच्या जागी वापरायची नाहीत.

अल्ट्रासोनिकमध्ये एक बारीक तार कॅनॉलमध्ये भरलेल्या हायपोक्लोराइटमध्ये सोडतात, ती सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरते. त्यामुळे द्रवात जोराचे भोवरे होतात, फटीतला भुसा आणि थर सुटतो, थोडी उष्णताही वाढते आणि हायपोक्लोराइट गरम झालं की जास्त चांगलं विरघळवतं. तार भिंतीला घासली तर तिचं थरथरणं मेलं, म्हणून ती कॅनॉलमध्ये मोकळी हलली पाहिजे, वाकड्या मुळात हे नेहमी जमत नाही. २००७ मध्ये खालच्या दाढांवरच एक चाचणी झाली, हाताने आणि मशीनने साफ केल्यावर प्रत्येक कॅनॉलमध्ये फक्त एक मिनिट अल्ट्रासोनिकने हायपोक्लोराइट चालवलं, तर न केलेल्या दाढांपेक्षा बॅक्टेरिया स्पष्टपणे कमी सापडले. मी प्रत्येक कॅनॉलला वीस-वीस सेकंद तीनदा करते, दर वेळी आधीचं औषध बदलून. सोनिक म्हणून जी प्लास्टिकच्या टोकाची यंत्रं येतात ती खूप कमी वेगाने हलतात, भिंतीला लागली तरी इजा नाही, वाकड्या मुळात मला ती आवडतात, पण ताकद कमी.

आता लेझर. हा एकच शब्द वापरून लोक दोन-तीन एकदम वेगळ्या गोष्टी विकतात, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांना विचारा कुठलं लेझर. डायोड लेझर असेल तर त्यात एक बारीक फायबर कॅनॉलमध्ये घालून गोल गोल फिरवत बाहेर काढतात, उष्णतेने बॅक्टेरिया मरतात. पण प्रकाश फायबरच्या टोकातून मुख्यतः पुढे सरळ जातो, बाजूच्या फटींमध्ये वळत नाही, आणि जास्त वेळ एका जागी राहिलं तर मूळ बाहेरून तापून हाडाला इजा होऊ शकते. दुसरं एर्बियम याग लेझर, २९४० नॅनोमीटर तरंगलांबीचं. त्याची ऊर्जा पाणी प्रचंड शोषतं, त्यामुळे टोक कॅनॉलमध्ये न घालता वर दाढेच्या पोकळीत भरलेल्या औषधात धरलं तरी आतल्या द्रवात बुडबुडे फुटून झटके बसतात आणि द्रव खालपर्यंत हलतो. हे तत्त्व मला पटतं, वाकड्या मुळांत तार नेण्याची कटकट नाही, प्रयोगशाळेतले निकालही चांगले आहेत. पण बघा, इथेसुद्धा लेझर हलवतंय हायपोक्लोराइटच. तिसरा प्रकार रंग घालून त्यावर लाल प्रकाश टाकण्याचा, त्यातून तयार होणारा ऑक्सिजन बॅक्टेरिया मारतो, तो जोडीला म्हणून ठीक.

आणि आता ते ९९.९ टक्के. आकडा ऐकायला मोठा वाटतो पण हिशोब करून बघा. इन्फेक्शन झालेल्या एका कॅनॉलमध्ये एक कोटी बॅक्टेरिया असू शकतात. एक कोटीतले ९९.९ टक्के मेले तरी दहा हजार उरले. आणि नुसत्या सलाइनचा हजार पट कमी झाल्याचा जो आकडा मी वर दिला ना, तोही हजार पट म्हणजे ९९.९ टक्केच होतो! म्हणजे हा आकडा सांगून एक पद्धत दुसरीपेक्षा भारी आहे हे सिद्धच होत नाही.

शिवाय हे आकडे येतात कसे ते बघा. बहुतेक वेळा काढलेले दात, एकच सरळ मूळ असलेले, त्यात एन्टेरोकोकस फिकॅलिस नावाचा एकच बॅक्टेरिया काही आठवडे वाढवलेला. साफ केल्यावर कॅनॉलमध्ये कागदाची बारीक काडी घालून ओलावा टिपतात आणि त्यातून किती बॅक्टेरिया वाढतात ते मोजतात. आता ती काडी फक्त मुख्य कॅनॉलमधलं टिपते. इस्थमसमध्ये, नलिकेत, बाजूच्या फांदीत काय आहे ते तिला कळत नाही. तुमच्या दाढेत अनेक जातींचे बॅक्टेरिया, जुना थर, वाकडं मूळ. त्यामुळे एका अभ्यासात लेझर पुढे, दुसऱ्यात अल्ट्रासोनिक पुढे, असं दिसतं तेव्हा मी आधी बघते दात कुठले होते, तुलना कशाशी केली (बारीक सुईने भरपूर हायपोक्लोराइटशी की नुसत्या सलाइनशी), आणि नमुना कुठून घेतला.

बॅक्टेरिया कमी झाल्याने दात बरा होतो का, तर हो, संबंध आहे. १९९७ च्या एका अभ्यासात भरण्याच्या वेळी ज्या दातांत बॅक्टेरिया वाढले नाहीत त्यातले ९४ टक्के पुढच्या पाच वर्षांपर्यंतच्या तपासणीत बरे झालेले होते, ज्यात वाढले त्यातले ६८ टक्के. पण दुसरी बाजू अशीही वाचा, की बॅक्टेरिया उरलेले असतानाही दोनतृतीयांश दात बरे झाले. म्हणजे एक पातळी आहे जिच्याखाली गेलं की शरीर सांभाळून घेतं. चांगलं धुतल्यावर त्यावर आणखी एक मशीन चालवल्याने काळा डाग भरून येण्यात किती फरक पडतो, हे पेशंटवरच्या चाचण्यांत तितकं ठळक दिसत नाही जितकं प्रयोगशाळेत दिसतं. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: पहिल्यांदाच होणारं रूट कॅनॉल असेल तर हायपोक्लोराइट, ईडीटीए आणि अल्ट्रासोनिक नीट करणाऱ्या डॉक्टरांकडे बिनधास्त जा, लेझर नाही म्हणून काही कमी पडणार नाही. जुनं बिघडलेलं परत करायचं असेल किंवा मुळं खूप वाकडी असतील, आणि एर्बियम लेझर वापरणारे डॉक्टर बाकीचंही सगळं नीट करत असतील, तर तो जास्तीचा खर्च मला समजण्यासारखा वाटतो. डायोड फिरवून ९९.९ टक्के म्हणत असतील तर त्यासाठी मी वेगळे पैसे देणार नाही.

या सगळ्याच्याही आधी रबर डॅम. दातावर रबराचा पडदा लावून बाकी तोंड वेगळं करतात. थुंकीत बॅक्टेरियाच बॅक्टेरिया असतात, तास-दीड तास आत धुवायचं आणि त्याच वेळी थुंकी आत जाऊ द्यायची, मग कुठल्याही पद्धतीची तुलना करण्यात अर्थ उरत नाही. हायपोक्लोराइटही घशात जात नाही. मी पेशंट असते तर दोन्ही डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारला असता, तुम्ही रबर डॅम लावता का, आणि लेझर असून डॅम नसेल तर लेझर नसलेल्या डॅमवाल्यांकडे गेले असते.

एक सिटिंग की दोन? शेवटी बरं होण्यात या दोघांत ठोस फरक दाखवता आलेला नाही. पू येत असेल, कॅनॉल कोरडा होत नसेल, किंवा वेळच कमी पडला असेल तर मी मध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून एक ते चार आठवडे ठेवते. ते इतकं अल्कधर्मी असतं, पीएच साडेबाराच्या आसपास, की बहुतेक बॅक्टेरिया तग धरत नाहीत. वर उल्लेख केलेला फिकॅलिस मात्र बऱ्यापैकी टिकतो, शिवाय दाताची भिंत या औषधाची तीव्रता कमी करते, त्यामुळे ते धुण्याला पर्याय नाही. दोन सिटिंग करणार असाल तर मधलं टेम्पररी फिलिंग पडलं की लगेच फोन करा, दोन दिवस उघडं राहिलं तरी आधीची मेहनत वाया जाते.

अँटिबायोटिकबद्दल: नाही, आधी कोर्स घेऊन आतले बॅक्टेरिया कमी होणार नाहीत. नस मेलेली म्हणजे आत रक्तपुरवठा नाही, गोळी रक्तातून जाते, ती कॅनॉलपर्यंत पोचणार कुठून. ताप असेल, सूज पसरत असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा अँटिबायोटिक लागतं आणि वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. नुसतं दुखतंय म्हणून किंवा काळा डाग दिसतोय म्हणून स्वतःहून कोर्स सुरू करू नका.

काम झाल्यावर कॅप लवकर बसवून घ्या. वरून गळती राहिली तर खालचं कितीही छान धुतलेलं असू दे, थुंकीतले बॅक्टेरिया परत आत उतरतात. आणि काळा डाग महिन्याभरात गेला नाही म्हणून घाबरून दुसरीकडे दात उघडायला जाऊ नका, हाड भरायला वेळ लागतो. मी सहा महिन्यांनी आणि वर्षाने त्याच कोनातून एक्स-रे काढून आधीच्याशी ताडून बघते, डाग लहान होत चाललाय एवढं दिसलं तरी पुढे जाऊ देते, पूर्ण भरायला काही दातांना चार वर्षांपर्यंतही लागतात. तुमचा आत्ताचा एक्स-रे आणि दाढ पहिल्यांदा करायची आहे की परत, हे कळवलंत तर लेझरबद्दलचं उत्तर मी आणखी नेमकं देऊ शकेन.